मार्कांचं राहू द्या, डोक्याला लागलंय का ते विचारा

ह्यूस्टनहून एका बाबांचं पत्र आलंय. मुलगा अकरावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये बॅकअप क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल फेकून टीमचा खेळ चालवणाऱ्याचा राखीव), गणित आवडतं पण या सेमिस्टरला जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, घसरला. बाबांनी बजावलंय, फुटबॉल सोड नाहीतर कॉलेजची फी विसर. आता मी "त्याला समजवावं" म्हणतात.

अहो, त्याला काय समजवू? एवढ्या मोठ्या पत्रात पोराचं म्हणणं काय याची एक ओळ नाही, नुसती तुमची धमकीच आहे, आणि मला त्याच्या मार्कांपेक्षा याचीच काळजी वाटते कारण अशा घरातली मुलं पुढे खरं सांगायचंच बंद करतात. फीचं बोललात ते आजच मागे घ्या. एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा आणि अर्जांचं शाळेतला काउन्सेलर बघेल.

आणि "खेळणाऱ्यांच्या डोक्यात गणित शिरत नाही" हे कुठून आणलंत? तुमच्याच गावातल्या राइस युनिव्हर्सिटीत फ्रँक रायन हे पुढे प्रो झालेले क्वार्टरबॅक शिकले, फिजिक्स घेऊन. तिथे क्वार्टरबॅकची जागा किंग हिलबरोबर वाटून घ्यावी लागायची, १९५८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, हिलला सगळ्यात पहिलं उचललं आणि रायन पाचव्या राउंडला लॉस एंजेलिस रॅम्स या टीमकडे गेले. सीझन संपला की परत राइसला, गणिताच्या पीएचडीसाठी. १९६२ला क्लीव्हलँड ब्राउन्स टीममध्ये आले, २७ डिसेंबर १९६४ला प्रो लीगच्या फायनलमध्ये नामांकित क्वार्टरबॅक जॉनी युनायटसच्या बाल्टिमोर कोल्ट्सना २७-० धुतलं, त्यात रायनचे तीन टचडाउन पास (म्हणजे थेट गुण मिळवून देणारे), तिन्ही टीममधल्या गॅरी कॉलिन्सला, आणि १९६५मध्ये पीएचडी झालीसुद्धा! पुढे अमेरिकन संसदेच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये कॉम्प्युटरचं काम बघितलं, नंतर येलला ॲथलेटिक डायरेक्टर.

पण हे वाचून लगेच पोराला "बघ, तो दोन्ही करायचा" असं सुनावू नका हं. तेव्हा सीझन १४ मॅचचा, बाकीचे महिने मोकळे, चक बेडनारिकसारखा दादा खेळाडू ऑफ-सीझनला काँक्रीट विकायचा. आता प्रो खेळाडूंचं वर्षभर ट्रेनिंग चालू असतं, आणि शाळेतल्या बॅकअपमधून तिथवर जाणारे अगदी मोजके, हे त्यालाही बहुतेक माहीत असेल.

फुटबॉलची भीतीच वाटून घ्यायची तर डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांची घ्या, ज्याबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही. रायन २०२४ला गेले, शेवटी अल्झायमर होता. त्यांचा आजार खेळामुळेच असं मी म्हणत नाहीये, पण वर्षानुवर्षं डोकी आपटून मेंदूचं नुकसान होतं हे आता डॉक्टर उघड सांगतात. तर न ओरडता विचारा, कधी टक्कर झाल्यावर गरगरलं, डोकं दुखत राहिलं, वर्गात लक्ष लागेना असं झालंय का. हो म्हणाला तर खेळ ताबडतोब थांबवा आणि कंकशन, म्हणजे मार लागून मेंदूला होणारी इजा, बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. जीपीए कदाचित त्यानेच घसरला असेल. नाही म्हणाला तर खेळू द्या, आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या.