ओपन डेची ड्यूटी: वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे ओपन डे जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात. बारावीच्या वयाची मुलं प्रवेशाआधी विद्यापीठ बघायला आईवडिलांना घेऊन येतात. त्यांना वाट दाखवायला, कॅम्पस हिंडवायला आणि शंकांची उत्तरं द्यायला विद्यापीठं आपल्याच विद्यार्थ्यांना तासावर कामाला घेतात. हेच स्टुडंट अ‍ॅम्बॅसडर. मास्टर्सला गेलेली मराठी मुलंही हे काम करतात, त्यांच्याकडून आणि घरच्यांकडून आलेले काही प्रश्न यावेळी घेतले आहेत.

प्रश्न: पहिल्यांदाच कॅम्पस टूर द्यायची आहे. वीस माणसं आणि पाऊण तास. कसं जमवायचं? (एक वाचक, लीड्स)

टूर बहुतेक वेळा चालण्यात बिघडते, बोलण्यात नाही. आदल्या दिवशी घड्याळ लावून तो रस्ता एकट्याने चाला. तुम्हाला १५ मिनिटं लागली, तर बाबागाडी आणि आजी-आजोबा असलेल्या घोळक्याला २५ लागतील असं धरा. उरल्या वीस मिनिटांत चार थांबे, फार तर पाच. सात ठरवलेत की शेवटचे दोन धावतपळत उरकावे लागतात, आणि शेवटी ठेवलेलं असतं ते बहुधा हॉस्टेल, म्हणजे ज्यासाठी निम्मे लोक आलेले असतात तेच.

थांबताना वाट सोडून कडेला थांबा. ऊन तुमच्या डोळ्यांवर येऊ द्या, त्यांच्या नको. शक्य तर पाठीशी भिंत घ्या, आवाज पुढे जातो. शेवटचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत तोंड उघडू नका. बहुतेक नवखे इथेच चुकतात: पुढच्या पाच जणांना बघून सुरुवात करतात आणि मागचे पंधरा जण पोचतात तेव्हा निम्मं सांगून झालेलं असतं. उलटं चालत बोलू नका, पायऱ्या आणि सायकली मागे दिसत नाहीत. चालताना शेजारच्या एखाद्या कुटुंबाशी गप्पा मारा, खरे प्रश्न तेव्हाच निघतात.

दुसरा अ‍ॅम्बॅसडर जोडीला मागून घ्या आणि त्याला शेवटी ठेवा. कार्डावर उघडणारी दारं दर वेळी घात करतात: तुम्ही आत जाता, दार लागतं आणि सहा माणसं बाहेर राहतात. दार धरून ठेवा, डोकी मोजा, मग पुढे चला. बिनपायऱ्यांचा रस्ता आणि लिफ्ट आधीच पाहून ठेवा. गटात कुणी व्हीलचेअरवर असेल तर त्याला एकट्याला वळसा घालायला लावू नका, सगळ्यांनाच त्या रस्त्याने न्या.

बोलण्याचं म्हणाल, तर ‘लायब्ररी खूप मोठी आहे’ हे सांगू नका, ते त्यांना दिसतंच. परीक्षेच्या आठवड्यात किती वाजता गेलं तर टेबल मिळतं, लॅपटॉप उसना मिळतो का, बसायला कुठला मजला शांत, हे सांगा.

प्रश्न: मी इथे एमएस्सीला आहे. पदवीच्या प्रवेशाबद्दल विचारलं तर मला काय ठाऊक? ‘माहीत नाही’ म्हटलं तर वाईट दिसेल ना? (एक वाचक, मँचेस्टर)

वाईट अजिबात दिसत नाही, ठोकून दिलेलं उत्तर मात्र महागात पडतं. ब्रिटनच्या ग्राहक कायद्याप्रमाणे विद्यापीठाने भावी विद्यार्थ्याला दिलेली माहिती अचूक असावी लागते. तिथल्या स्पर्धा नियामकाने २०१५ साली विद्यापीठांसाठी तशी मार्गदर्शक सूचनाही काढली. अ‍ॅम्बॅसडरचा टी-शर्ट अंगावर असताना तुमचं बोलणं विद्यापीठाच्या वतीने असतं. म्हणून ‘तुला नक्की प्रवेश मिळेल’, ‘हॉस्टेल सगळ्यांना मिळतं’, ‘फी वाढणार नाही’ ही तीन वाक्यं कधीच नकोत.

तरी थोडी तयारी हवीच. पदवीचे अर्ज यूकॅस या एकाच व्यवस्थेतून जातात आणि पाच पर्याय भरता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय, दंतवैद्यक व पशुवैद्यक अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबर, बाकी बहुतेकांची जानेवारीत. ऑगस्टमध्ये निकाल लागल्यावर उरलेल्या जागा क्लिअरिंगमधून भरतात. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी साधारण चार वर्षांची असते, इंग्लंडमध्ये तीन. यापलीकडचा प्रश्न आला की त्यांना अ‍ॅडमिशनच्या टेबलापर्यंत स्वतः नेऊन सोडा. ‘सरळ जा, कुणीही सांगेल’ ही आपली सवय तिथे उपयोगाची नाही, त्या दिवशी अर्धा कॅम्पस नवखा असतो.

आणि ‘तुला इथे काय आवडत नाही?’ हे कुणीतरी विचारणारच. खरं पण छोटं उत्तर द्या, आणि त्यावर तुम्ही काय केलंत तेही सांगा: ‘हॉस्टेल लांब आहे, मी बसचा पास काढलाय.’ सगळंच छान आहे म्हणणाऱ्यावर पालकांचा विश्वास बसत नाही.

प्रश्न: मुलगी मास्टर्सला गेली आहे, दुकानातही काम करते. ओपन डेचं काम व्हिसाच्या तासांत धरतात का? (एक पालक, नाशिक)

धरतात. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. आठवडा सोमवार ते रविवार, आणि सगळी कामं मिळून. या आठवड्याचे कमी तास पुढच्या आठवड्यात भरून काढता येत नाहीत. दुकानात १४ तास झाले आणि शनिवारच्या ओपन डेचे ८ आले, की २२ झाले, म्हणजे व्हिसाची अट मोडली. सकाळच्या ब्रीफिंगचा पगार मिळतो, तेव्हा तोही वेळ मोजायचा.

जूनचा ओपन डे विशेष जपून. पदवीच्या मुलांना तेव्हा सुट्टी असते, पण मास्टर्सवाल्यांचा प्रबंधाचा उन्हाळा बहुधा सत्रातच धरला जातो. मैत्रिणीला चालतं म्हणून आपल्याला चालेल असं नाही. विद्यापीठाकडून सत्राच्या तारखा लेखी घ्यायला सांगा.

कामाच्या हक्काच्या तपासणीसाठी ई-व्हिसातून शेअर कोड काढावा लागतो. तो डब्ल्यूने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि सामाजिक विम्याच्या नोंदीचा क्रमांक) अजून आला नसला तरी काम सुरू करता येतं. नव्या नोकरीचा करासाठीचा फॉर्म भरताना ‘मला दुसरी नोकरी आहे’ हे खरं ते लिहावं. वर्षाला १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा बहुधा पहिल्या नोकरीलाच लागते, म्हणून ओपन डेच्या पगारातून २० टक्के कापलेले दिसतील. वर्षाची एकूण कमाई मर्यादेच्या आत राहिली तर ते परत मिळतात.

प्रश्न: पायात काय घालावं?

जुने, रुळलेले बूट. टी-शर्टखाली गरम थर, आणि रेनकोट. छत्री नको, ती उघडलीत की मागच्यांना तुमचे हात दिसत नाहीत. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर २० मिनिटांची सुट्टी कायद्याने मिळते, ती कधी घ्यायची हे सकाळीच विचारून ठेवा.

प्रश्न: वडीलच बोलतात, मुलगा गप्प. शेवटी तोच हळूच इन्स्टाग्राम मागतो. द्यावं का? (एक वाचक, ग्लासगो)

वडिलांना उत्तर देताना वाक्याचा शेवट मुलाकडे वळवा: ‘तू कुठले विषय घेतलेस?’ एवढं पुरतं. वडिलांना तोडू नका, पैसे बहुधा तेच भरणार आहेत. त्यांचे प्रश्न फी, सुरक्षितता आणि नोकरीचे असतात, मुलाचे जेवण, मित्र आणि अभ्यास किती याचे.

इन्स्टाग्राम किंवा फोन नंबर मात्र देऊ नका. आलेली बरीच मुलं १८ वर्षांखालची असतात. विद्यापीठाचा चौकशीचा ईमेल द्या, किंवा विद्यार्थ्यांशी चॅट करायची अधिकृत सोय असेल तर ती दाखवा. एखादं मूल चुकलेलं सापडलं तर त्याला घेऊन एकट्याने खोलीत बसू नका. चारचौघांत दिसेल अशा जागी थांबा, वॉकी-टॉकीवर किंवा फोनवर तुमच्या टीम लीडरला जागा सांगा, आणि तो येईपर्यंत तिथून हलू नका. मुलाचं नाव वॉकी-टॉकीवर घेऊ नका, ते कॅम्पसभर ऐकू जातं.