नाव पटावर, मूल घरात

प्रश्न : नमस्कार बाई. माझी नात सात वर्षांची आहे. जन्मल्यावर रडली नाही, ११ दिवस काचेच्या पेटीत होती. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितली, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हातापायांवर ताबा राहत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यावर ६५ टक्के आहे. आधाराशिवाय बसता येत नाही, बोलणं आम्हा घरच्यांनाच कळतं. समज मात्र चांगली आहे. मी एस.टी.त कंडक्टर होतो. दारावरून गाडी गेली की ती कुठली, हे ती वेळेवरून सांगते. जूनमध्ये गावच्या शाळेत नाव घातलं, आठ दिवस उचलून नेलं. मग गुरुजी म्हणाले, "आबा, नाव पटावर राहू द्या, हजेरीचं आम्ही बघतो. पोरीला कशाला त्रास?" तेव्हापासून घरीच आहे. मुलगा-सून मुंबईला असतात. कोणी सांगतं, शहरात पेशींची इंजेक्शनं देतात, मूल चालायला लागतं. खर्च साडेतीन लाख. अर्धा एकर काढावं का?
— एक आजोबा, माण तालुका, जि. सातारा

उत्तर : आबा, आधी जमिनीचं बोलते. विकू नका. ती इंजेक्शनं मूळपेशींची (स्टेम सेल) असतात. रक्ताच्या काही आजारांसाठी मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात, तो मान्य उपचार आहे. सेरेब्रल पाल्सीसाठी तसा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा वापर फक्त संशोधन म्हणून, मंजुरी घेऊनच करता येतो, आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तुमच्याकडे तर साडेतीन लाख मागतायत. माझ्या ओळखीच्या एका घराने यासाठी दोन म्हशी विकल्या. मुलगा होता तिथेच राहिला, आणि पुढे व्यायामाला न्यायला रिक्षाचेही पैसे उरले नाहीत.

आता शाळा. मी २२ वर्षं गट साधन केंद्राची, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण खात्याच्या केंद्राची, विशेष शिक्षिका म्हणून वाड्यावस्त्यांवर फिरले. गुरुजींचं हे बोलणं मी कितीतरी शाळांत ऐकलं आहे. ते वाईट मनाने बोलले असतील असं मला वाटत नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, आणि मांडीवरून घसरणारं मूल, माणूस घाबरतो. पण मस्टरवर हजर आणि प्रत्यक्षात ओसरीवर, अशी वर्षं गेली की ते मूल कागदावर चौथी पास होतं आणि त्याला अक्षर ठाऊक नसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून इतकं ठासून सांगते.

गृहाधारित शिक्षण, म्हणजे घरीच शिकवण्याची सोय, कायद्यात आहे, खरं. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली ती आली, बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. पण तो मुलाचा आणि पालकांचा पर्याय आहे. शाळेने परस्पर ठरवायची गोष्ट नव्हे. तिथेही विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवायचं असतं. तुमच्याकडे कोणी आलं का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

एका वाडीवर नऊ वर्षांचा मुलगा होता. सगळे सांगायचे, याला काही कळत नाही. मी तीन वेळा गेले, चित्रं दाखवली, काही हाती लागलं नाही. चौथ्या वेळी त्याची पाच वर्षांची बहीण म्हणाली, "बाई, त्याला हो म्हणायचं असलं की तो पत्र्याकडं बघतो." त्याचं 'हो' इतकी वर्षं घरात होतं, आम्हाला कोणाला दिसलं नव्हतं. त्या दिवशी त्याने वर बघून बघून मला दहापर्यंत आकडे ओळखून दाखवले.

तुमच्या नातीचं 'हो' आणि 'नाही' कसं असतं, ते एका कागदावर लिहून गुरुजींच्या हातात द्या. मग वहीच्या पुठ्ठ्यावर सहा चित्रं चिकटवा : पाणी, शू, दुखतंय, खेळायचं, नको, पुन्हा सांगा. बोटाने दाखवता आलं तर बोट, नाहीतर नजर. आणि वाचन गाड्यांच्या पाट्यांपासून सुरू करा. दहिवडी, म्हसवड, गोंदवले, फलटण. पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि गाडी यायच्या आधी तिला पट्टी निवडायला सांगा. एवढं वेळापत्रक जिच्या डोक्यात आहे, तिला अक्षरं जड जाणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

मांडीवर घेऊन वर्गात बसवू नका, तिला खुर्ची हवी. गावातला सुतार करील. ती बसली की कंबर, गुडघा आणि घोटा, तिन्ही ठिकाणी काटकोन झाला पाहिजे. पावलं लोंबकळता कामा नयेत, खाली फळी हवी. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन बोटं जागा ठेवा. पट्टा पोटावर नको, कंबरेखाली मांड्यांच्या खोबणीत घ्या. मांड्या एकमेकींवर चढत असतील तर मधे कापड गुंडाळलेला ठोकळा. समोर कोपराच्या उंचीवर, पोटाकडे अर्धगोल कापलेली फळी. माप सुताराला देण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) फिजिओथेरपिस्टला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं ते केंद्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. घास भरवतानाही मान मागे नको. हनुवटी किंचित खाली ठेवा, नाहीतर ठसका लागतो.

शाळेची खरी अडचण पुष्कळदा शी-शूची असते आणि ती कोणी उघड बोलत नाही. तुम्हीच विषय काढा. शाळेत आधाराची दांडी आणि बसायला भोक पाडलेली खुर्ची असावी, ही मागणी लाजण्यासारखी नाही. मधल्या सुट्टीत तिच्या आजी किंवा दुसरं कोणी घरचं जाऊ शकेल का, तेही ठरवा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत प्रवास आणि मदतनीस भत्ता आहे, दिव्यांग मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ताही आहे. रक्कम थोडी आहे, तरी सोडू नका. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटून अर्ज भरा. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी येते, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात.

आता अर्ज. तोंडी बोलणं झालं, पुढचं लेखी करा. मुख्याध्यापकांच्या नावे लिहा : 'माझी नात रोज शाळेत येणार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा तिचा हक्क आहे, आणि कलम १६ प्रमाणे तिच्या गरजेनुसार सोय करणं शाळेचं काम आहे.' खाली मुलाची किंवा सुनेची सही घ्या, दाखल्याची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना. त्यानंतरही अडवलं तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. ती वेळ बहुधा येणार नाही. पोच मागितली की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

खुर्ची तयार झाली की आदल्या दिवशी शाळेत नेऊन ठेवा. अशा मुलांची जागा दाराजवळ करतात, लवकर न्यायला सोपं म्हणून. तिथे नको. फळा दिसेल अशा दुसऱ्या ओळीत, दोन मुलींच्या मधे ठेवा. बाकं आहेत की सतरंजी हे बघून खुर्चीची उंची धरा, म्हणजे तिचं डोकं शेजारणींच्या डोक्यांच्या ओळीत येईल.