संमतीपत्रावर सही केली. आता दाद मागता येईल का?

प्रश्न : लहानपणी पडल्यामुळे माझ्या समोरच्या एका दाताचं पुढे रूट कॅनाल करावं लागलं आणि तो हळूहळू काळपट झाला. दहा महिन्यांपूर्वी एका डेंटल क्लिनिकमध्ये लाइट लावून दात पांढरे करून घेतले. ‘एकाच सिटिंगमध्ये सगळे दात एकसारखे’ अशी त्यांची जाहिरात होती. रूट कॅनालबद्दल मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं, तरी एक्स-रे काढला नाही. बाकीचे दात उजळले, हा तसाच राहिला आणि आता जास्तच उठून दिसतो. नुकताच दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तेव्हा हिरडीलगत मूळ विरघळत असल्याचं कळलं. दात वाचेलच याची खात्री नाही. पहिले डॉक्टर म्हणतात, ‘तुम्ही सही केली आहे.’ पोलिसांत जाऊ की ग्राहक न्यायालयात?

उत्तर : सही केली म्हणजे हक्क सोडला, असं होत नाही. ग्राहक आयोगाकडे तुम्ही नक्की जाऊ शकता. मात्र तुमच्या पत्रात दोन गाऱ्हाणी एकत्र आली आहेत आणि दोन्हींचं बळ सारखं नाही.

तुम्हाला जास्त लागलंय ते मूळ विरघळण्याचं. पण ते ब्लीचिंगमुळेच झालं हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल, आणि समोरचा वकील सर्वांत आधी लहानपणीच्या पडण्याबद्दल विचारेल. मार लागलेल्या दाताचं मूळ वर्षांनंतरही विरघळू शकतं. ब्लीचिंगनंतर मूळ विरघळल्याची उदाहरणं दंतवैद्यकात आहेत, पण ती मुख्यतः दाताच्या आत औषध भरून, विशेषतः वर उष्णता देऊन केलेल्या ब्लीचिंगची. तुमच्या दातावर जेल बाहेरून लावलं होतं. दाताच्या मागच्या बाजूचं फिलिंग गळकं असेल तर जेलमधलं पेरॉक्साइड (दात पांढरे करणारं रसायन) आत शिरू शकतं. हे तज्ज्ञाने लेखी मांडलं तर मुद्द्याला वजन येईल. तरीही सगळी तक्रार या एकाच मुद्द्यावर उभी करू नका.

तुमची खरी भक्कम बाजू दुसरी आहे : त्यांनी तपासलं नाही आणि सांगितलं नाही. रूट कॅनाल झालेला दात बहुधा आतून काळवंडतो. आत राहिलेलं रक्त, मृत ऊतींचे अवशेष किंवा भरलेली द्रव्यं ही त्याची कारणं असतात. बाहेरच्या जेलने तो शेजारच्या दातांइतका उजळेलच असं नाही, म्हणून आतून ब्लीचिंग, व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ थर) किंवा कॅप हे पर्याय आधी समोर ठेवायला हवे होते. तीव्र पेरॉक्साइडवर लाइट लावल्याने अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही, असंच बहुतेक अभ्यास सांगतात. आणि सिटिंगनंतर लगेच दिसणारी चमक काही अंशी दात कोरडे पडल्यामुळे असते. शिवाय या दातात नस उरलेली नाही. इतर दात ठणकून इशारा देतात, तो इशारा इथे मिळत नाही. त्यामुळे आधी एक्स-रे काढून जुनं रूट कॅनाल आणि फिलिंग पाहणं ही डॉक्टरांचीच जबाबदारी होती.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) नुसार निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान आणि महत्त्वाची माहिती हेतुतः दडवणं, दोन्ही सेवेतील त्रुटीत मोडतात. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावरच संमती खरी ठरते. ‘परिणामाची हमी नाही’ असं छापील वाक्य निष्काळजीपणाला संरक्षण देत नाही. रूट कॅनालची नोंद असलेला तुमचा फॉर्म हाच तुमचा उत्तम पुरावा आहे, कारण त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच राहत नाही. त्याची, संमतीपत्राची आणि केस पेपरची प्रत आजच लेखी मागा. जाहिरात अजून दिसत असेल तर तारखेसह जतन करा.

पोलिसांत जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. जेकब मॅथ्यू खटल्याच्या 2005 च्या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा लागतो. तुमची हकीगत तिथवर जात नाही, आणि त्या धावपळीत ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत संपेल. ती मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सिटिंगच्या दिवसापासूनच मोजा, म्हणजे वाद उरणार नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. त्याआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत दंतवैद्य होती का, हे राज्य दंत परिषदेकडून तपासा. नसेल तर प्रकरणाचं स्वरूपच बदलेल.

दाताचे उपचार मात्र खटल्यासाठी थांबवू नका. आधी फोटो आणि थ्री-डी स्कॅन करून घ्या, आणि आताच्या डॉक्टरांकडून दोनच प्रश्नांवर लेखी मत घ्या : ब्लीचिंगआधी एक्स-रे आवश्यक होता का, आणि त्यात काय दिसलं असतं. नोटीस मिळाल्यावर क्लिनिक पैसे परत करायला तयार झालंच, तर ‘यापुढे काही तक्रार नाही’ अशा पावतीवर दाताचा निकाल लागेपर्यंत सही करू नका.