‘महारथ मिळवली’ म्हणे!

प्रश्न असा आला आहे: ‘अमुक यांनी संवादिनीवादनात महारथ मिळवली आहे, असं वाचलं. महारथ म्हणजे मोठा योद्धा ना? मग तो पेटीवर कसा मिळतो? आणि महाभारतातला महारथी व आज आपण ज्याला हिरो म्हणतो तो, हे एकच का?’

नाही मिळवली. कोणीच मिळवलेली नाही. ‘मिळवली’ या क्रियापदातच चोरी उघडी पडते. रथ पुल्लिंगी, महारथही पुल्लिंगी. मग शेवटी ही ‘ली’ कुठून आली? ती आली ‘महारत’वरून. महारत हा अरबी शब्द, फारसी-उर्दूच्या वाटेने हिंदीत गेलेला. अर्थ कौशल्य, हात बसलेला असणं. आपला ‘माहीर’ त्याच घरचा. हिंदीत महारत स्त्रीलिंगी, म्हणून ‘महारत हासिल की’. मराठी कानाला महारत परका आणि महारथ शेजारचा, तेव्हा कोणीतरी ‘त’चा ‘थ’ करून टाकला. लिंग बदलायचं मात्र राहून गेलं. दाढी लावली, पण साडी तशीच राहिली.

मागे एका सत्कार समारंभात निवेदकाने एकाच वाक्यात ‘सहकारातले महारथी’ आणि ‘वक्तृत्वात महारथ हासिल केलेले’ असे दोन्ही बार उडवले. चहाच्या वेळी मी त्याला बाजूला घेऊन महारत-महारथ समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘सर, महारत म्हटलं तर लोकांना वाटेल माझा उच्चार चुकला.’ यावर काय बोलणार? मी दुसरा चहा घेतला.

पेटीपुरतं उत्तर इथे संपलं. पण तुम्ही महारथीचं नाव काढलंत, आता सुटका नाही.

संस्कृतात नेहमीचा शब्द ‘महारथ’. बहुव्रीही समास: महान आहे रथ ज्याचा तो. गीतेच्या पहिल्याच अध्यायात ‘द्रुपदश्च महारथः’, दोन श्लोकांनंतर ‘सर्व एव महारथाः’. यावरून काही शुद्धिवाले ‘महारथी’ चुकीचा ठरवतात. त्यांनी जरा ऋग्वेद उघडावा. तिथे इंद्राला ‘रथीतमं रथीनाम्’ म्हटलं आहे, रथींमधला सर्वांत मोठा रथी. रथी आहे तर महारथी व्हायला कोणाची परवानगी हवी? मराठीत महारथीच रुळला आहे, तोच ठेवा. खुद्द रथ हा शब्द लॅटिन ‘रोटा’ आणि जर्मन ‘राड’ यांचा भाऊबंद. त्या दोघांचा अर्थ चाक.

आता मोबाइलवर फिरणारा तक्ता. रथी पाच हजारांशी लढतो, अतिरथी त्याच्या बारा पट, महारथी त्याच्याही बारा पट म्हणजे ७ लाख २० हजारांशी, आणि वर अतिमहारथी, महामहारथी. ही व्हिडिओ गेमची गणितं आहेत. गीतेच्या टीकाकारांनी दिलेल्या श्लोकात हिशेब साधा आहे: जो एकटा दहा हजार धनुर्धरांशी लढतो आणि शस्त्रात व शास्त्रात प्रवीण असतो तो महारथ. अगणितांशी लढतो तो अतिरथ, म्हणजे अतिरथ वर, महारथ खाली. तक्त्यात नेमकं उलटं. आणि ‘शास्त्रात’ हा शब्द तक्तेवाल्यांनी सोयीने गाळलेला.

पण आकडे सोडा. उद्योगपर्वातला एक प्रसंग बघा, वीरपणाचं त्या काळचं माप त्यात लख्ख दिसतं. युद्ध तोंडावर आलंय. दुर्योधन भीष्मांना विचारतो, दोन्ही बाजूंचे रथी-अतिरथी कोण, ते मोजून सांगा. भीष्म एकेकाचं नाव घेत जातात. कृतवर्मा अतिरथ. शल्य अतिरथ. शकुनी एक रथ (इथे रथ म्हणजे रथी). जयद्रथ दोन रथांच्या बरोबरीचा. अश्वत्थाम्यापाशी येतात, त्याच्या धनुर्विद्येची तोंड भरून स्तुती करतात आणि मग म्हणतात, याच्यात एक मोठा दोष आहे, म्हणून मी याला रथही मानत नाही आणि अतिरथही. दोष कुठला? ‘जीवितं प्रियमत्यर्थम्’. याला जीव फार प्यारा आहे.

वाक्य पुन्हा वाचा. नेम चुकतो असं नाही, भित्रा आहे असंही नाही. जगायची हौस जास्त, एवढ्यावर नाव यादीतून खाली. आज एखादा जवान सुखरूप परतला की आपण पेढे वाटतो. भीष्मांनी तोंड फिरवलं असतं.

मग कर्ण. सभेत, सगळ्यांदेखत, त्याच्या तोंडावर भीष्म म्हणतात, हा अर्धरथ. कवचकुंडलं गेलेली, गुरूचा शाप डोक्यावर, वर बढाईखोर. शेजारी बसलेले द्रोण लगेच मान डोलावतात: दर लढाईत गर्व आणि दर लढाईत पाठ. कर्ण भडकतो. त्याचं उत्तर मला अख्ख्या उद्योगपर्वात सर्वांत आवडतं: ‘न हायनैर्न पलितैर्न वित्तैर्न च बन्धुभिः। महारथत्वं संख्यातुं शक्यं क्षत्रस्य कौरव॥’ वय, पिकलेले केस, पैसा आणि गोतावळा यांवरून क्षत्रियाचं महारथपण मोजता येत नाही. आणि पुढे: हे भीष्म जिवंत आहेत तोवर मी लढणार नाही. अर्ध्या रथाच्या अपमानापायी एक अख्खा योद्धा दहा दिवस तंबूत बसून राहिला.

तेव्हा महारथी ही दुसऱ्याने द्यायची पदवी होती. ती तोंडावर मिळायची, तोंडावरच नाकारली जायची, आणि मापणारा शत्रूच्या माणसांनाही त्याच तागडीत घालायचा. भीष्मांनी त्याच बैठकीत पांडवांची अशी वाखाणणी केली की दुर्योधनाच्या पोटात गोळा यावा. आज चौकातल्या फ्लेक्सवर आपणच आपलं नाव लिहायचं आणि खाली शुभेच्छुक म्हणून आपल्याच चुलतभावांचे फोटो. कर्ण जे ‘बन्धुभिः’ म्हणाला ते हेच.

जाता जाता: अभिमन्यूला ‘सात महारथींनी’ घेरलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारतात घेरणारे सहा आहेत: द्रोण, कृप, कर्ण, अश्वत्थामा, बृहद्बल, कृतवर्मा. आणि शेवटचा गदेचा घाव घालणारा यांच्यातला कोणीच नाही, तो दुःशासनाचा मुलगा. सातवा कोणी घुसवला हा वेगळा लेख होईल.

आता माझ्या लाडक्या मुद्द्याकडे येतो. नाणेघाटात गेला आहात का? जुन्नरकडून जाताना जीवधन डावीकडे ठेवून घाटाच्या तोंडाशी पोचलं की जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण, आणि थोडं खाली लेणं. लेण्यात सातवाहन घराण्याच्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. आज मूर्ती गेल्या, काहींची जेमतेम पावलं उरली, पण भिंतीवर वर कोरलेली नावं आहेत. राजा सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, आणि त्यांच्याच ओळीत ‘महारठी त्रणकयिर’. कार्ल्याला चैत्यासमोरचा सिंहस्तंभ बघा. त्यावरचा दाता कोण? ‘महारठी’ अग्निमित्रणक. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत महारठी म्हणवणारी माणसं होती, आणि माझ्या मते ‘मराठा’ या शब्दात तोच महारथी दडलेला आहे.

पंडित लगेच अंगावर येतात. रथचं प्राकृतात ‘रह’ होतं, ‘रठ’ होत नाही. रठ येतं ते राष्ट्रवरून: राष्ट्र, रट्ठ. शिलालेखात जोडाक्षर एकेरी लिहायची पद्धत, म्हणून महारठी म्हणजे महाराष्ट्री, मोठ्या मुलखाचा अधिकारी. अशोकाच्या लेखातल्या राष्टिक नावाच्या लोकांशीही त्याचा मेळ बसतो. बरं. पण मग ‘ग्रंथी’ची ‘गाठ’ कशी झाली? ‘प्रथम’चं पालीत ‘पठम’ कसं? ‘कपित्थ’चं ‘कवठ’ कसं? थचा ठ आपल्या भाषेने हवा तेव्हा केला आहे, रथापाशी येऊन तिला एकदम नियम का आठवावा? (मला ठाऊक आहे, ग्रंथी आणि प्रथममध्ये र आधीच्या व्यंजनाला जोडलेला आहे आणि कपित्थात मुळात जोडाक्षर आहे. तुम्ही सांगायची गरज नाही.)

रा. गो. भांडारकरांनी १८८४ साली रट्ट नावाच्या लोकांनी स्वतःला मोठेपणा देऊन महारट्ट म्हणवून घेतलं असं मांडलं. निदान त्यात एक माणूस तरी दिसतो. ज्ञानकोशकार केतकरांनी मात्र महार आणि रट्ट असे दोन समाज जोडून शब्द शिवला. तो मला दोन वेगळ्या कापडांच्या सदऱ्यासारखा वाटत आला आहे, बाहीला एक, पाठीला दुसरं. व्याकरणाच्या कोर्टात राष्ट्रवाले जिंकतील, मला माहीत आहे. पण ज्यांनी हा शब्द मिरवला त्यांच्या कानात महारथी वाजलाच नसेल, हे मी मानायला तयार नाही. बिरुद निवडताना माणूस व्युत्पत्ती बघत नाही, दणका बघतो. आमच्या निवेदकाने नेमकं तेच केलं.

आणि गंमत अशी की नाणेघाटातून रथ जात नाही. एकदा उतरून बघा, फरसबंदीच्या पायऱ्यांवर बैल घसरेल. रथ जिथे चालूच शकत नाही तिथल्या लेण्यात महारठी कोरला गेला. माझी व्युत्पत्ती खरी धरली, तर तेव्हाच या पदवीतून रथ वजा झाला होता. राहिला तो हुद्दा. सहकारातला महारथी ही फार तर त्याची दोन हजारावी जयंती.

हिरोचं राहिलंच. एक माणूस सांगतो. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातले. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता. वाटेत सुरुंग, तोडून आडवी टाकलेली पाइनची झाडं, वरून मशीनगन आणि उखळी तोफा. पहिल्याच दिवशी राणे जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत. ८ ते ११ एप्रिल ते सुरुंग काढत, झाडं उडवत, रणगाड्यांना वाट करून देत पुढे सरकत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि तेही जिवंतपणी.

हे चार दिवस भीष्मांच्या यादीत कुठे बसवाल? किती धनुर्धरांशी लढला, हा तिथला प्रश्न. राणे तर रस्ता साफ करत होते. महाभारतात अशी माणसं आहेत, पण ती कुठे सापडतात बघा. पांडवांच्या छावणीचं वर्णन करताना एक ओळ येते: ‘तत्रासञ्शिल्पिनः प्राज्ञाः शतशो दत्तवेतनाः’. तिथे शेकडो हुशार कारागीर होते, पगार दिलेले. पाठोपाठ निष्णात वैद्य. शेकडो! नाव एकाचंही नाही. रथाचं चाक कोणी बसवलं, बाण कोणी उपसला, व्यासांना ते सांगण्याजोगं वाटलं नाही. ‘दत्तवेतनाः’ म्हटलं की विषय संपला. आपल्या काळाने त्या पगारी ओळीतला एक माणूस उचलून थेट परमवीर केला. पदकाचं चित्र सावित्रीबाई खानोलकरांनी काढलं, त्यावर इंद्राचं वज्र आहे. वज्र म्हणजे दधीची ऋषींची हाडं. तेही कधी रथावर चढले नव्हते.

आणि राणेंकडे होती ती महारत. म्हणजे महारथ-महारत घोळ घालणारे नकळत काही खरं बोलून गेले असं कोणी म्हणेल. म्हणू नका. चूक ती चूकच.

तुमच्या पेटीवाल्यांसाठी ‘महारत मिळवली’ लिहा, किंवा साध्या मराठीत ‘पेटीवर त्यांचा हातखंडा आहे’. ‘पारंगत’ चालेल, म्हणजे पैलतीराला पोचलेला. ‘निष्णात’ चालेल, म्हणजे त्यात पुरता न्हालेला. आणि रणांगणावरचाच शब्द हवा असेल तर ‘पटाईत’ आहे की! पट्टा फिरवण्यात तरबेज तो पटाईत, अस्सल लढवय्या शब्द. फक्त आता तो थापा मारण्यापुरता उरलाय, तेव्हा छापण्याआधी पेटीवाल्यांना विचारून घ्या.