मंदक्रोध म्हणजे अक्रोध नव्हे

"रविवारी देवळात मी वेगळा असतो आणि घरी वेगळा. म्हणजे माझा विश्वास खोटा का?"

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या ख्रिस्ती माणसांचे शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो. विचारणारे बहुतेक वेळा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही ना काही जबाबदारी सांभाळणारे: कोणी कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर, कोणी संडे स्कूल घेणारी, कोणी पेटीवर बसणारा. देवाचा स्वभाव आपल्या वागण्यात दिसावा ही त्यांची ओढ खरी असते. घरी मात्र दिसतो तो दुसराच स्वभाव. ज्याला देवाची पर्वा नाही त्याला हा प्रश्न सतावतच नाही, हे मी आधीच सांगून टाकते. त्याने उत्तर मिळत नाही, पण समोरच्याचे खांदे जरा खाली येतात.

पुढे ज्या गृहस्थांविषयी लिहिते आहे ते कोणी एक नाहीत. अनेक कुटुंबांमधलं थोडं थोडं घेऊन, ओळखीच्या खुणा पुसून त्यांना उभं केलं आहे. वय 47. फोर्टमध्ये हिशेबाची नोकरी, भांडुपला दोन खोल्या, घरात बायको, नववीतली मुलगी आणि वृद्ध आई. देवळात गायन तेच सांभाळतात. तक्रार एकच: संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की तोंड सुटतं.

"आतापर्यंत काय करून पाहिलंत?"

"प्रार्थना वाढवली, ताई. पहाटे साडेचारला उठतो. शुक्रवारी कडक उपास करतो."

"झोपता किती वाजता?"

"बारा. कधी साडेबारा."

"आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी कसं असतं?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शुक्रवार सगळ्यात वाईट."

हे फार वेळा दिसतं. राग आवरत नाही म्हणून माणूस भक्ती वाढवतो, आणि ती वाढवायला वेळ काढतो झोपेतून. साडेचार तासांची झोप, रिकामं पोट आणि वर स्लो गाडीत पाऊण तास एका पायावर उभं राहणं. एवढ्यावर कोणाचाही तोल जाईल. पण त्यांना त्यातून दिसतो आपल्या विश्वासाचा पराभव, म्हणून पुढच्या आठवड्यात ते चार वाजता उठतात. मी प्रार्थना सहा वाजता, पंधरा मिनिटं, असं सुचवलं तेव्हा ते दुखावले. देवाचा वेळ कापायचा? मग बायबलमधल्या एलीयाची आठवण करून द्यावी लागली. रानात झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला लावलं. देवाचा शांत, मंद आवाज त्याला ऐकू आला तो त्यानंतर, डोंगरावर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. उपास पूर्ण सोडायला मी कोणालाच सांगत नाही. तो सुट्टीच्या दिवशी करा, एवढंच सांगते. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

दुसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नी आल्या. "रविवारी पावणेअकरापर्यंत हे फार चांगले असतात," त्या म्हणाल्या. नवऱ्याला हसू आलं नाही, मला आवरावं लागलं.

त्यांना एक शंभर पानी वही करायला सांगितली. तिच्यात पापांची यादी लिहायची नाही. किती वाजता ओरडलो, घरात शिरून किती मिनिटं झाली होती, शेवटचं कधी खाल्लं होतं आणि निमित्त काय, एवढंच. हिशेबाचा माणूस, तीन आठवडे चोख लिहिलं. अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ घरात शिरल्यापासून वीस मिनिटांच्या आतल्या. निमित्तं अशी: रिकाम्या खोलीत चालू पंखा, दारातल्या चपला, मुलीच्या हातातला मोबाइल, आईचा मोठ्या आवाजातला टीव्ही. दुपारी एकच्या डब्यानंतर पोटात कटिंग चहाशिवाय काही नाही.

"म्हणजे मी चोवीस तास वाईट नाही," वही मिटत ते म्हणाले, "वीस मिनिटं वाईट आहे."

हे वाक्य मी अनेकांकडून वेगवेगळ्या तऱ्हेने काढून घेते, आणि ते माझ्याऐवजी त्यांनीच म्हणावं यासाठी धीर धरते. स्वभाव बदलायचा म्हटलं की माणूस हताश होतो. वीस मिनिटं बदलायची म्हटलं की कामाला लागतो. मनाच्या तळाशी जाण्याआधी मी नेहमी घड्याळाशी जाते. काहींना हे उथळ वाटतं, वाटू दे.

खरा पेच मात्र पुढेच होता. वीस मिनिटं सुधारली तरी "आत राग येतोच ना" ही टोचणी त्यांना सोडेना. देव प्रीती आहे, देव शांती आहे, मग त्याच्या माणसाला राग यावाच का? मी त्यांना बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 34वा अध्याय उघडायला सांगितला. देव मोशेसमोरून जाताना स्वतःच स्वतःचं वर्णन करतो. "दयाळू व कृपाळू" झाल्यावर कोणता शब्द येतो?

"मंदक्रोध."

"अक्रोध का नाही?"

शेकडो वेळा वाचलेल्या, 103व्या स्तोत्रात गायलेल्या त्या शब्दाकडे ते टक लावून पाहत राहिले. देवाला राग येत नाही असं तिथे लिहिलेलंच नाही. उशिरा येतो, असं लिहिलं आहे. मूळ हिब्रूत तर गंमतच आहे. 'अफ' या एकाच शब्दाचा अर्थ नाक आणि राग असा दोन्ही होतो, आणि आपण ज्याला मंदक्रोध म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा'. मराठीतही राग नाकावरच असतो. आपलं नाक आखूड, म्हणून तो लगेच शेंड्यावर. देवाचं नाक लांब, शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

इथे ते पहिल्यांदा मोकळे हसले. "म्हणजे ताई, माझा राग फास्ट गाडी आहे. मधली स्टेशनं घेतच नाही. तो स्लो गाडीने यायला हवा. कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, सगळीकडे थांबत."

ही उपमा त्यांची. त्यानंतर आमचं सगळं काम त्याच भाषेत झालं. राग येऊ द्यायचा, फक्त त्याला थांबे द्यायचे. पहिला थांबा घराच्या बाहेर: भांडुप स्टेशनवर उतरल्यावर मूठभर चणे-शेंगदाणे किंवा एक केळं, मग चालायला लागायचं. हा थांबा सगळ्यांना क्षुल्लक वाटतो, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. दुसरा जिन्यात: शेवटच्या वळणावर उभं राहून सहा श्वास, आत घेताना तीन आकडे मोजायचे, सोडताना सहा. श्वास सोडणं लांबलं की हृदयाची धावपळ कमी होते. पहिले काही दिवस लोक उलट करतात, जोरात आत ओढतात आणि चक्कर आल्यासारखं होतं म्हणून सोडून देतात. तिसरा घरात: हातपाय धुऊन दहा मिनिटं बसायचं. त्या दहा मिनिटांत एकही सूचना द्यायची नाही, पंख्याचीसुद्धा नाही. चालू पंखा दिसला तर उठून आपण बंद करायचा, आणि बंद करताना उसासा टाकायचा नाही. उसासा हीसुद्धा सूचनाच असते, घरच्यांना ती बरोबर ऐकू जाते.

दहा मिनिटांनंतरही बोलण्यासारखं काही उरलं तर एकच विषय, एकच वाक्य. "तू नेहमी", "तुला कधीच" हे शब्द वर्ज्य.

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली, आणि ती कुठे घसरते हे आता पाठ झालंय. थांबण्याऐवजी गृहस्थांनी अबोला धरला. तीन दिवस. "मी राग आवरला," ते अभिमानाने म्हणाले. पत्नी म्हणाल्या, "ओरडले असते तर बरं झालं असतं." मंद असणं आणि मुकं होणं यांत घरच्यांच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. गाडी उशिरा येतेय म्हटलं तर माणूस थांबतो. ती येणार की नाही, किती वाजता येणार, हेच कळेना तर फलाटावर जीव टांगणीला लागतो. म्हणून थांबताना वेळ सांगायची: "आत्ता मी चिडलोय. अभ्यासाच्या वेळेबद्दल साडेनऊला बोलू." आणि साडेनऊला खरंच बोलायचं, राग उतरला असला तरी. दोनदा टाळलं तर घरच्यांना कळून चुकतं की ही निव्वळ पळवाट आहे.

चौथ्या भेटीत, आतापर्यंत न सांगितलेली गोष्ट बाहेर आली. दोन महिन्यांपूर्वी मोबाइलवरून भांडण पेटलं तेव्हा त्यांनी मुलीचं विज्ञानाचं जर्नल फाडलं होतं. माफी मागितली होती, नवीन जर्नल आणूनही दिलं होतं. तरी मुलगी सरळ बोलत नव्हती. "प्रभूने सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलंय, हे मी तिला समजावलं," ते म्हणाले.

मी त्यांना पुन्हा त्याच 34व्या अध्यायाची पहिली ओळ वाचायला लावली. दोनच अध्याय आधी लोक सोन्याच्या वासराची पूजा करताना पाहून मोशेने संतापाने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या आपटून फोडल्या होत्या. आता देव म्हणतो, पहिल्यासारख्या दोन पाट्या घडून आण. पहिल्या पाट्या देवाने दिल्या होत्या, या मोशेने स्वतः छिन्नी लावून घडवायच्या आणि पहाटे डोंगर चढून वर न्यायच्या. लिहून देव देणार, पण दगड घडवायचा तो फोडणाऱ्यानेच. आणि मंदक्रोध हा शब्द मोशेला ऐकू येतो तो त्याच चढणीवर, हातात नव्या पाट्या असताना.

खोलीत बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज होता. हे दोन धागे असे शेजारी ठेवता आले याचं मला समाधान आहे, ते लपवत नाही.

"जर्नल मी विकत आणलं," ते सावकाश म्हणाले. "घडवलं नाही."

पुढचे बारा दिवस रात्री साडेनऊ ते दहा ते मुलीशेजारी बसले. आकृत्या तिच्याच हातच्या हव्यात, त्यामुळे त्यांच्याकडे कामं आली ती समास आखण्याची, पेन्सिलींना टोक काढण्याची, मैत्रिणीच्या वहीतून निरीक्षणं वाचून दाखवण्याची. अट एकच होती: त्या अर्ध्या तासात क्षमेचा विषय काढायचा नाही. ज्याने दुखावलं त्याने क्षमेची वचनं ऐकवायची नसतात. ती ऐकवली की दुखावलेला माणूस दुसऱ्यांदा गुन्हेगार ठरतो, यावेळी देवापुढे. माफी मागताना "पण तूसुद्धा" आलं तर ती माफी तिथेच संपली. आणि "माफ केलंस ना?" हे विचारायचं नाही, ते ज्याचं त्याच्या वेळेने येतं. नवव्या दिवशी मुलीने खोडरबर मागितला, "पप्पा" म्हणून.

रागीट विश्वासणाऱ्यांचं एक आवडतं समर्थन असतं: रेव्हरंड ना. वा. टिळकही तापट होते. होते. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची गीतं मंडळी आजही गाते, आणि त्यांचा तापटपणा पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत झाकून ठेवलेला नाही. पण त्या आठवणी त्यांची बाजू घेण्यासाठी वाचणाऱ्यांनी त्या लक्ष्मीबाईंच्या जागी बसूनही एकदा वाचाव्यात.

आता एक गोष्ट ठणकावून. हे सगळं ओरडण्याबद्दल आहे. हात उगारला जात असेल, वस्तू अंगावर फेकल्या जात असतील, घरचे भीतीने गप्प असतील, तर थांब्यांची भाषा तिथे चालत नाही आणि "प्रार्थना करा, सहन करा" हा सल्ला तर अजिबात नाही. आधी सुरक्षितता. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सगळ्या धर्मांच्या घरांना लागू आहे. ओरडण्यापुरतंच असलं तरी एकदा रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्यावं. रात्री मोठ्याने घोरून दिवसा पेंगणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना सांगावं. रोज संध्याकाळी दारू असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

आणखी एक नोंद त्यांच्या वहीत उशिरा आली. "पवित्र असा" ही आज्ञा बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे. ती ज्यांना उंच, धूसर वाटते त्यांना मी तोच अध्याय पुढे वाचायला सांगते. थोड्याच ओळींत येतं ते असं: मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नको, बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आणि अध्यायाच्या शेवटाकडे, मापं खरी ठेव. गृहस्थांचा दशांश, म्हणजे उत्पन्नातला देवासाठीचा दहावा हिस्सा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लिफाफ्यात जात होता, घरकामाच्या बाईंचा पगार आठ तारखेला. आता तो एक तारखेला जातो. याने राग कमी होतो का, असं त्यांनी विचारलं. नाही होत, म्हटलं, पण बाईंचं भाडं वेळेवर जातं.

शेवटच्या भेटीला पत्नी एकट्याच आल्या.

"गुरुवारी ओरडले," त्या म्हणाल्या.

"किती वाजता?"

"आल्यावर चाळीस मिनिटांनी. विषयही एकच होता."

"कोणता?"

त्या पर्स बंद करत हसल्या. "गॅसचं बिल मी भरायचं विसरले होते."