ठेव मोडून पर्शियन मांजरांची जोडी घ्यावी का?

लातूरहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या पतसंस्थेत क्लार्क आहेत, पगार १८,०००. यजमानांचं गंजगोलाईत छोटं दुकान आहे, पण त्याचं उत्पन्न हंगामावर. घरात दोन गावठी मांजरं: भाटी चिंगी आणि बोका बाळ्या. चिंगी गेल्या वर्षात दोनदा व्याली. या दोघांवर महिन्याला १,२०० रुपये जातात आणि ते टोचतात. अकरावीतल्या मुलानं त्यावर तोडगा काढलाय. पर्शियनची जोडी २८,००० ला मिळतेय, तिची पिल्लं ८,००० ला एक अशी विकायची, म्हणजे चिंगी-बाळ्याचाही खर्च त्यातच निघेल. त्यासाठी पतसंस्थेतली ६०,००० ची ठेव सात महिने आधी मोडायची. २,००० इसार देऊनही झालाय. जाता जाता विचारलंय, मांजरांचा विमा काढावा का?

ताई, ठेव मोडू नका.

दंडाची भीती घालून तुम्हाला अडवत नाही. मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. एवढ्या रकमेवर तो फटका काही शे रुपयांचा. मला पटत नाही तो पिल्लांचा हिशेब.

जोडी आज अडीच महिन्यांची आहे, असं तुम्ही लिहिलंय. मांजर सहा महिन्यांच्या आत-बाहेर माजावर येते, पण तेव्हा ती स्वतःच लेकरू असते; वर्षाची होईस्तोवर तिला गाभण राहू देऊ नये. पुढे गाभणकाळ नऊ आठवडे, आणि पिल्लं आईपासून तोडायची ती आणखी दोन-अडीच महिन्यांनी. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, त्यातही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. म्हणजे पहिला रुपया हातात यायला साधारण चौदा महिने. जोडीच्या खाण्याचा आणि लिटरचा, म्हणजे शी-शूसाठीच्या वाळूचा, खर्च तुम्हीच महिना २,५०० धरलाय. चौदा महिन्यांचे ३५,०००, अधिक खरेदीचे २८,०००, झाले ६३,०००. एक पिल्लू विकायच्या आधीच ठेव संपली आणि वर ३,००० उसने. समोर काय? चार पिल्लं झाली, चारही जगली आणि चारही लातुरात ८,००० ला गेली, तर ३२,०००. यात डॉक्टर नाही, लस नाही, विजेचं बिल नाही.

विजेचं बिल आपल्याकडं विसरून चालत नाही. पर्शियनचं नाक चपटं आणि अंगावर दाट लोकर. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तुमच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत ती धापा टाकेल. कूलर दिवसभर चालवावा लागेल, आणि लाइट गेली की काय करायचं तेही ठरवावं लागेल. केस रोज विंचरायचे, डोळ्यांतून पाणी गळतं ते रोज पुसायचं. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. आई-बापातल्या एकाला असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. विक्रेत्यानं तपासणीचा कागद दाखवलाय का? आणि एकाच माणसाकडून एकाच वयाची जोडी घेताय, ते दोघं सख्खे भाऊ-बहीण नाहीत ना, हेही विचारा.

आणखी एक धोका घरातच आहे. चिंगी-बाळ्याला लस नाही आणि दोघं गल्लीभर फिरतात. मांजरांचा पार्वो हा विषाणू बाहेरून घरात आला तर लहान पिल्लं दोन-चार दिवसांत जातात, आणि तो विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो.

आता त्या १,२०० बद्दल. सासूबाई माळकरी, घरात मांस शिजत नाही, म्हणून खर्च वाचवायला दूध-भाकरीवर भागवायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथं काटकसर नको. मांजर मूळची मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो. तो बराच काळ मिळाला नाही तर नजर जाते, हृदय कमकुवत होतं. मोठ्या मांजरांना दूधही बऱ्याचदा पचत नाही. तुमच्या घरात तयार कॅट फूड हाच मार्ग आहे, तेव्हा हा खर्च किराण्याच्या यादीत घाला आणि टोचून घेणं सोडा.

खर्च कमी होईल तो नसबंदीनं. दोघांची मिळून ६,५०० सांगितली म्हणून तुम्ही थांबलात. पण चिंगी पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते, आणि दर वेताला चार तोंडं वाढतात. बाळ्याचं रात्रीचं भटकणं आणि मारामाऱ्याही कमी होतील. मागच्या महिन्यात त्याच्या कानामागची जखम चिघळली, ९०० रुपये गेले, हे तुमच्याच पत्रात आहे. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही फोन करून विचारा. शिकवण्याच्या दवाखान्यात शुल्क सहसा कमी असतं, एसटीचं भाडं धरूनही परवडेल. त्याच खेपेत रेबीज आणि तिहेरी (पार्वो धरून तीन आजारांवरच्या) लसीचं बोलून घ्या.

विमा सध्या नको. लस, नसबंदी, जंताचं औषध अशी नेहमीची कामं त्यात सहसा बसत नाहीत, आणि तुमचा खर्च तोच आहे. त्याऐवजी महिना ८०० ची आवर्ती ठेव सुरू करा, वर्षात ९,६०० आणि वर व्याज. ती भरेपर्यंत ५,००० बचत खात्यात वेगळे समजा, कारण बोक्याला लघवी तुंबायचा त्रास होऊ शकतो. तो लिटरमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, थेंब येत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय. दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो, म्हणून त्याच रात्री डॉक्टर गाठायचा. आणि घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, ती तिला विषासारखी आहे.

ठेवीबद्दल एक जास्तीचं बोलतो. पगार आणि बचत दोन्ही एकाच पतसंस्थेत आहेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. मराठवाड्यात मल्टिस्टेट पतसंस्थांच्या दारात रांगा लावलेली माणसं आपण पाहिली आहेत. तुमची संस्था चांगली असेलही, पण सात महिन्यांनी मुदत संपली की ही रक्कम बँकेत न्या. दुकानाला मंदी आली तर घराचे तीन महिने काढायला तेवढीच रक्कम आहे. मधेच अडलं तर ठेवीवर कर्ज काढा, मोडू नका.

मुलाला हा हिशेब कागदावर मांडायला लावा, अकरावीचा आहे, त्याला जमेल. इसार परत मागून बघा. नाही दिला तर २,००० गेले असं धरा, पण ते वाचवायला आणखी २६,००० घालू नका.