‘जगायचे कशासाठी?’ असे प्रथमच विचारणाऱ्यास

आयुष्याचा अर्थ काय, या आपल्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत: मनुष्यजात मुळात का आहे हा एक, आणि मी माझे दिवस कशासाठी खर्चावेत हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा अडवून ठेवण्याची चूक मीही काही वर्षे केली.

मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथात मालुंक्यपुत्त नावाचा भिक्षू, जग शाश्वत आहे की नाही हे कळल्याशिवाय साधना करणार नाही, असा हट्ट धरतो, तेव्हा बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात. बाण मारणाऱ्याचे नाव, उंची आणि गाव समजेपर्यंत तो काढू न देणारा माणूस उत्तराआधीच मरेल.

पहिला प्रश्न टाकून द्यावा, असे मात्र नाही. मुंबईच्या खेतवाडीतले संत निसर्गदत्त महाराज (1897–1981) गुरूंच्या निधनानंतर, 1937 मध्ये, घर सोडून भ्रमंतीला निघाले खरे, पण परतले, आणि विडीचे दुकान व संसार सांभाळूनच ‘मी आहे’ या जाणिवेचा शोध घेत राहिले. नोकरी सोडून हिमालय गाठू पाहणाऱ्यांना (दर पावसाळ्यात एखादा भेटतोच) मी हे मुद्दाम सांगतो.

तूर्त महिनाभर, दिवसातली कोणती कामे आपण कुणी न सांगता केली, एवढेच रोज वहीत लिहावे. झोप व भूक उडाली असेल, तर मात्र वही बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.